समुद्र ही वाट नव्हे काय?

गेल्या दिवाळीच्या सुटींत एका विद्वान स्नेह्यांच्या दिवाणखान्यांत कोंकणच्या भवितव्यावर बोलणें निघालें होतें. मंडळी सारी शिकलेली. निम्म्याहून अधिक जणांचीं मूळ गांवें रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडलीं, आणि त्या गांवांशीं त्यांचा संबंध गणपतीचे पांच दिवस व आंब्याची पेटी एवढाच उरलेला. वाढवणचें बंदर, दिघीचा विस्तार, जयगडची उलाढाल असे विषय एकामागून एक येऊन गेले. मीं मध्येंच विचारलें, "हें सारें ठीक, पण किनाऱ्यावरच्या माणसाला या समुद्रावरून कोठें जावयाचें झालें, तर त्यानें बसावें कशांत?" क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग आमचे स्नेही हंसून म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, बोटीचे दिवस गेले. जी गोष्ट स्वतःचा खर्च भागवूं शकत नाहीं, तिच्यासाठीं गळा काढणें हें हळव्या माणसाचें काम, अर्थशास्त्राचें नव्हे."

हें वाक्य एकट्या आमच्या स्नेह्यांचें असतें, तर तें चहाबरोबर गिळून टाकतां आलें असतें. परंतु गेलीं कित्येक वर्षें राज्यकर्त्यांचें, नियोजकांचें आणि दुर्दैवानें आम्हां सुशिक्षितांचेंहि तेंच मत होऊन बसलें आहे. आणि जें मत कोणी तपासून न पाहतां सर्वांच्या तोंडीं रुळतें, त्याचा झाडा घेणें हें आमच्यासारख्या मास्तरकी करणाऱ्यांचें कर्तव्यच ठरतें. म्हणून हा प्रपंच.

कोंकणाला समुद्र हा अडसर कधींच नव्हता. अडसर होता तो पाठीमागच्या सह्याद्रीचा आणि दर कांहीं कोसांवर आडव्या येणाऱ्या खाड्यांचा. धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, जैतापूर, विजयदुर्ग अशीं नांवें उत्तरेकडून मोजीत आलें, म्हणजे किनाऱ्याचा रस्ता किती वेळां तुटतो तें नकाशा न उघडतांहि कळतें. समुद्रानें जाणाऱ्याला यांतली एकहि खाडी ओलांडावी लागत नाहीं. दाभोळ बहामनी राज्याचें मोठें बंदर झालें, राजापुरास इंग्रजांनीं आणि वेंगुर्ल्यास डचांनीं वखार घातली, त्याचें कारण एवढेंच कीं या मुलखाचा राजमार्ग पाण्यावरून जात होता. पुढें आगबोटी आल्या, तेव्हां हा मार्ग सामान्य माणसाचा झाला. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लें या बंदरांना लागत. गिरणगांव ज्यांच्या घामावर उभें राहिलें, ते कोंकणी कामगार बहुतांशीं याच बोटींतून मुंबईला उतरले. बऱ्याच बंदरांत आगबोट कांठाला येत नसे. ती खोल पाण्यांत उभी राही, आणि उतारू पडावांतून कांठावर येत. शेवटचीं कांहीं पावलें म्हाताऱ्या माणसांना व बायकांना खलाशी उचलून आणीत. सुख होतें असें कोण म्हणेल? "बोट लागणें" हा वाक्प्रचार आमच्या आयांनीं पुस्तकांतून उचललेला नव्हता. परंतु वेळापत्रक होतें; आणि ज्या दिवशीं बोट यावयाची त्या दिवशीं ती येत असे.

१९८० नंतरच्या दशकांत गोव्यापर्यंतची ही नेमानें चालणारी बोट संपली. पुढें १९९४ सालीं मुंबई-गोवा मार्गावर एका कंपनीनें वेगवान कॅटामरान घातली, ती कांहीं वर्षांत बंद पडली. २०१८ सालीं विहारनौका आली. या दोन्ही नौका ज्यांच्यासाठीं होत्या, ते लोक किनाऱ्यावर राहणारे नव्हते. किनारा पाहावयास जाणारे होते. मधल्या बंदरांच्या धक्क्यांवर शेवाळ वाढलें, आणि त्याबद्दल कोणीं शोकसभा भरविली नाहीं.

आतां आजची स्थिति पाहूं. महाराष्ट्राचा किनारा जुन्या मोजणीप्रमाणें सुमारें ७२० किलोमीटर. त्यावर ४८ लहान बंदरें सरकारदप्तरीं नोंदलेलीं आहेत, व त्यांच्यासाठीं १९९६ पासून महाराष्ट्र सागरी मंडळ या नांवाची स्वतंत्र संस्था आहे. २०१५ सालीं केंद्राची सागरमाला योजना आली. ३० ऑगस्ट २०२४ रोजीं वाढवण बंदराची कोनशिला बसली. त्याचा अंदाजी खर्च ७६ हजार कोटींच्या घरांत आहे. जयगडला कोळशाचीं प्रचंड जहाजें लागतात. मी मोठ्या बंदरांचा वैरी नाहीं. देशाला तीं लागतात. वाढवणच्या मच्छीमारांचें गाऱ्हाणें हा वेगळा आणि गंभीर विषय आहे, तो येथें उरकून टाकण्याजोगा नव्हे. माझें म्हणणें इतकेंच कीं, "बंदर" या शब्दाचा अर्थच आमच्या डोळ्यांदेखत पालटला आहे. पूर्वीं बंदर म्हणजे जेथें माणसें उतरत तें ठिकाण. आतां बंदर म्हणजे जेथें कुंपण असतें, पहारेकरी असतो, कोळसा किंवा पेट्या उतरतात, आणि शेजारच्या गांवच्या माणसाला आंत पाऊल टाकण्याची परवानगी नसते. बंदरांचा विकास झाला खरा. तो बंदरांतल्या लोकांचा झाला असें कोणी समजूं नये.

येथें एक घरगुती हकीकत सांगितल्याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी. आमचें गांव रत्नागिरी जिल्ह्यांतल्या एका खाडीच्या तोंडाशीं आहे. पैलतीरावर इस्पितळ आहे. रात्रीं त्याचे दिवे आमच्या पडवींतून दिसतात. दिवसा गाड्या नेणारी फेरीबोट चालते. दोन वर्षांपूर्वीं पितृपक्षांत मी गांवीं असतांना रात्रीं दहाच्या सुमारास माझ्या चुलत्यांच्या छातींत कळा येऊं लागल्या. अण्णांचें वय तेव्हां एकूणऐंशी. शेवटची फेरी केव्हांच सुटून गेली होती. गाडी होती, पण खाडीला वळसा घालून जाणारा रस्ता आधीं खाडीच्या शेंड्यापर्यंत चढतो आणि मग तितकाच उतरतो. मी गाडीच्या किल्ल्या शोधीत असतां शेजारचा तांडेल अंगणांत येऊन उभा राहिला. म्हणाला, "मास्तर, रस्त्यानं न्याल तर अडीच तास. भरती आहे, मी पंधरा मिनिटांत टाकतो पलीकडे. अण्णांना खाटेसकट घ्या." आम्हीं चौघांनीं खाट उचलली. मासळीचे पाट अजून ओले असलेल्या होडींत अण्णांना निजविलें, आणि दिव्यांच्या रोखानें आम्ही निघालों. अण्णा वांचले. दुसऱ्या दिवशीं मी तांडेलाला डिझेलचे पैसे देऊं लागलों, तर त्यानें हात मागें घेतला, आणि थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "मास्तर, कोणाला सांगूं नका हां. मासेमारीच्या होडींतून माणसं न्यायला परवानगी नसते."

त्याचें नांव-गांव मीं लिहिलें नाहीं, तें याचसाठीं. परंतु हें वाक्य ऐकल्यापासून "बोट स्वतःचा खर्च भागवीत नाहीं" हा युक्तिवाद मला शांतपणें ऐकवत नाहीं.

कारण हा न्याय आम्ही आणखी कशाला लावतों? मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचें काम २०११ सालीं सुरू झालें, आणि दशक उलटून गेलें तरी तें पुरें झालें नव्हतें; मुदतीमागून मुदती गेल्या, कंत्राटदार आले आणि गेले, खड्ड्यांवरून न्यायालयापर्यंत प्रकरणें गेलीं. एवढ्या अवधींत कोणा अर्थशास्त्र्यानें असें विचारल्याचें माझ्या ऐकण्यांत नाहीं कीं, हा रस्ता आपला खर्च भागवितो काय? विचारलें नाहीं तें योग्यच केलें. रस्ता म्हणजे राज्याचें देणें; तो वाहतुकीचा पाया असतो, दुकान नव्हे. कुंभार्ली घाटाची दरवर्षीं डागडुजी होते, तेव्हां घाटानें कमावलें किती याचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. गांवोगांवची एस. टी. तोट्यांत चालते, तरी ती चालली पाहिजे असें आम्ही सर्व म्हणतों. २०२२ सालीं पंचाहत्तरीच्या पुढच्या वृद्धांना एस. टी. चा प्रवास मोफत झाला, २०२३ सालीं स्त्रियांना अर्धें तिकीट झालें, आणि त्या सवलतींची भरपाई सरकार आपल्या तिजोरींतून करतें. उत्तम गोष्ट. पण ती सवलत एस. टी. च्या पायरीवर संपते. तीच म्हातारी एस. टी. तून उतरून खाडीच्या धक्क्यावर आली, कीं ती एकाएकी गिऱ्हाईक बनते. जमिनीवर असेपर्यंत नागरिक, आणि पाण्याला पाय लागतांच गिऱ्हाईक! हा भेद कोणत्या शास्त्रांत सांगितला आहे, तें आमच्या विद्वान स्नेह्यांनीं दाखवून द्यावें.

ज्या देशांनीं हा भेद मानला नाहीं, त्यांचीं उदाहरणें शोधावयास फार लांब जावें लागत नाहीं. तरी आमच्या लोकांना लांबचें आधीं पटतें, म्हणून तेथूनच आरंभ करूं. नॉर्वेचा किनारा कोंकणासारखाच खाड्यांनीं फाटलेला, आणि हवेच्या दृष्टीनें शंभरपट क्रूर. उत्तरेकडे हिवाळ्यांत कित्येक आठवडे सूर्य उगवत नाहीं. त्या किनाऱ्यावर १८९३ सालीं कप्तान रिचर्ड विथ यानें सरकारशीं करार करून नियमित आगबोट सुरू केली. ती आजतागायत बर्गेनपासून रशियाच्या सरहद्दीजवळच्या किर्केनेसपर्यंत ३४ बंदरांना जाते. बोटी खाजगी कंपन्यांच्या आहेत. पण कोणत्या बंदराला केव्हां लागावयाचें हें करारानें ठरतें, आणि लहान बंदरांमुळें येणारी तूट सरकार भरून देतें. म्हणजे खाजगी धंद्याला तेथें मज्जाव नाहीं. फक्त फायद्याचें तेवढें उचलून बाकीचें टाकून देण्याची मुभा नाहीं. स्कॉटलंडनें याहून साधा विचार केला. २००८ पासून आधीं कांहीं बेटांसाठीं, व पुढें २०१५ पर्यंत पश्चिमेकडील जवळजवळ सर्व मार्गांसाठीं, तेथें बोटीचें भाडें "तेवढेंच अंतर रस्त्यानें कापावयास काय खर्च येईल" या हिशेबानें बांधून दिलें. बेटावर राहणें हा गुन्हा नाहीं, त्याबद्दल दंड कां भरावा, असा त्यामागचा सरळ विचार.

आणि परदेशाचें नांव काढतांच नाक मुरडणाऱ्यांनीं केरळांत जावें. तेथें १९६८ पासून जलवाहतुकीचें स्वतंत्र सरकारी खातें आहे. आलप्पुळा-कोट्टयमकडच्या पाणथळ मुलखांत शाळेचीं मुलें, नर्सा, कारकून त्याच्या बोटींनीं रोज ये-जा करतात, आणि त्यांत कोणाला नवल वाटत नाहीं. कोचीच्या बेटांना शहराशीं जोडणाऱ्या विजेवरच्या बोटी २०२३ सालीं सुरू झाल्या, त्यांचें कमींत कमी तिकीट वीस रुपये ठेविलें. आमच्याच देशांत, आमच्याच रुपयांत हें होतें.

आतां आक्षेपांकडे वळूं. कोंकण रेल्वे झाल्यावर बोटीची गरज काय, असें विचारणाऱ्यांना मी एवढेंच सांगतों कीं, मी त्या रेल्वेचा कृतज्ञ प्रवासी आहें. २६ जानेवारी १९९८ रोजीं ती सबंध मार्गावर चालूं झाली, तेव्हां आमच्या घरांत पेढे वांटले गेले. पण ती बरीचशी किनाऱ्यापासून दूर, डोंगरांच्या बगलेंतून जाते. श्रीवर्धन, हर्णै, देवगड, मालवण यांतल्या एकाहि गांवाला स्टेशन नाहीं. स्टेशनपासून गांवापर्यंत घाटवळणांचा रस्ता आहे, आणि रात्रीं उतरणाऱ्याला रिक्षावाला मागेल तें द्यावें लागतें. रेवस ते रेड्डी हा सागरी रस्ता १९८० च्या सुमारास, अंतुल्यांच्या काळांत आंखला गेला. त्यांतल्या मोठ्या खाड्यांवरचे पूल चार दशकें कागदावरच राहिले. पूल होतील तेव्हां होवोत. परंतु "पूल होणार आहे" या एका सबबीवर दोन पिढ्यांना धक्क्यावर ताटकळत ठेवलें, हा हिशेब कोणत्या वहींत मांडला आहे?

पावसाळ्याचा आक्षेप खरा आहे, अर्धा. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत उघड्या समुद्रावर प्रवासी बोट घालूं नये हें कोणताहि तांडेल सांगेल. पण उरलेल्या नऊ महिन्यांना पावसाळा आड येत नाहीं, आणि खाडींतली फेरी तर पावसांतहि चालते. मार्च २०२० पासून मुंबई-मांडवा मार्गावर चालणारी गाड्या नेणारी मोठी नौका पावसाळ्याचे बरेच दिवस जाते-येते. ती बोट अलिबागेकडे बंगले असणाऱ्यांची आहे म्हणून वारा तिच्यापुढें नमतें घेतो, असें थोडेंच आहे! बोट दणकट असली आणि धक्क्याला आडोसा असला, म्हणजे झालें.

राहिला भयाचा आक्षेप. तो कोणी तर्कानें मांडीत नाहीं. तो आमच्या हाडांत आहे. ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशीं वादळांत सांपडून "तुकाराम" आणि "जयंती" या बोटी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजीं, ऐन गटारी अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली "रामदास" बोट मुंबईपासून कांहीं मैलांवर कलंडली, आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. ती बातमी मुंबईला पोहोंचेपर्यंत दुपार उलटून गेली होती. ज्या घरांतून त्या दिवशीं माणूस गेलें, त्या घरांतल्या लोकांनीं समुद्राचें नांव काढलें नाहीं तर मी त्यांना कधींहि दोष देणार नाहीं. पण राज्यकर्त्यांनीं त्या दुःखाचा आधार घेऊं नये. भर जुलैमध्यें निघालेली, माणसांनीं खच्चून भरलेली बोट, आणि संकटाची खबर वेळेवर न पोहोंचणें, हीं तिन्ही माणसांचीं कृत्यें, समुद्राचीं नव्हेत. आज हवेचा अंदाज आहे, बिनतारी यंत्र आहे, जीवरक्षक पट्टे आहेत, किनारारक्षक दल आहे. इतकें सारें हातीं असून जो बोट घालीत नाहीं, त्याला भीति वाटते ती लाटांची नव्हे.

आणि आतां सरकारच्या सर्वांत ताज्या घोषणेबद्दल. २०२५ च्या ऑगस्टांत मुंबईहून जयगड व विजयदुर्गापर्यंत गाड्या वाहून नेणारी वेगवान नौका सुरू करण्याचें जाहीर झालें. सहाशेंवर उतारू, पन्नास मोटारी, विजयदुर्गास पांच तासांत! वाचून माझ्यासारख्या म्हातारपणाकडे झुकलेल्या कोंकण्याच्या अंगावर रोमांच उभे राहिले. मग भाडें वाचलें. सर्वांत खालच्या वर्गाचें तिकीट अडीच हजार रुपये. मोटारीचे सहा हजार. आगगाडीच्या साध्या डब्यांत हाच प्रवास कांहीं शें रुपयांत होतो. तेव्हां ही बोट कोणासाठीं आहे तें तिच्या तिकिटावरच छापलेलें आहे: ज्याला स्वतःची मोटार गणपतीला गांवांत मिरवावयाची आहे, त्याच्यासाठीं. तिच्या उतारूंचा मला मत्सर नाहीं. त्यांच्यापैकीं एक मीहि असेन. पण या बोटीला "कोंकणवासीयांची सोय" म्हणूं नये, एवढी भाषाशुद्धि तरी पाळली जावी.

१९२८ सालीं साराभाई हाजी यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत किनारी वाहतूक स्वदेशी जहाजांसाठीं राखून ठेवण्याचें विधेयक आणलें, तेव्हां आमच्या पूर्वीच्या पिढीनें वर्तमानपत्रांतून त्याची केवढी तरफदारी केली! किनारा आमचा, त्यावरचा धंदाहि आमचा, हें तेव्हांचें म्हणणें होतें. स्वराज्य आलें, किनारा आमचा झाला. २०२५ सालीं संसदेनें किनारी नौकानयनाचा नवा स्वतंत्र कायदाहि केला. मालाला कायदा मिळाला, योजना मिळाली, भांडवल मिळालें. माणसाचा प्रश्न मात्र कोणीं विचारला नाहीं, आणि आम्ही मुंबईंत बसलेल्या कोंकण्यांनींहि विचारला नाहीं.

म्हणून आमची मागणी मोठी नाहीं. आणि बहुधा मोठी नाहीं म्हणूनच ती कोणाला दिसत नाहीं. खाडीवरची प्रत्येक फेरी हा रस्त्याचाच तुकडा मानावा, आणि तिचें भाडें त्याच अंतराच्या एस. टी. च्या भाड्याहून अधिक असूं नये, सवलतीहि त्याच. २००३ सालीं दाभोळ-धोपावे मार्गावर गाड्या नेणारी फेरीबोट खाजगी हिमतीवर सुरू झाली, ती चालली, आणि पुढें अशाच बोटी इतर खाड्यांवर आल्या. हें काम सरकारी खात्यानेंच केलें पाहिजे असा माझा हट्ट नाहीं. पण त्यांना करार द्यावा, तूट भरून द्यावी, आणि त्याच करारांत पहांटेची पहिली फेरी, रात्रींची शेवटची फेरी व रोग्यासाठीं रात्रभर सज्ज असलेली एक लहान बोट लिहून घ्यावी. खाडीच्या तोंडचा गाळ काढावा. सह्याद्रीचें रान तुटत गेलें तसतशी माती नद्यांतून खालीं आली, आणि राजापूरच्या खाडीसारखे एके काळचे जलमार्ग ओहोटीला कोरडे पडूं लागले. ओहोटींतहि उतरतां येईल अशा पायऱ्या, सांवली, पाणी आणि बायकांसाठीं संडास एवढें धक्क्यावर असावें. आणि नऊ महिने, आठवड्यांतून ठरलेल्या दिवशीं, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण अशा बंदरांना लागत जाणारी एक साधी बोट असावी, जींत मोटार नसलेला माणूस चढूं शकेल. वाढवणच्या खर्चाच्या मानानें ही रक्कम किती होईल, तें ज्यांना आंकडे आवडतात त्यांनीं मांडून पाहावें.

आमच्या स्नेह्यांना हें सारें मीं पत्रानें कळविलें. त्यांचें उत्तर आलें, त्यांत त्यांनीं प्रकृतीची चौकशी केली आहे, आणि अण्णांचीहि. अण्णा बरे आहेत. दर महिन्याला तपासणीसाठीं सकाळच्या फेरीनें पैलतीरीं जातात. डॉक्टरांकडे गर्दी असली आणि शेवटची बोट चुकली, तर तिकडच्या एका भाच्याकडे मुक्काम करतात. म्हणून पिशवींत औषधांबरोबर एक धोतर आणि पंचा नेहमीं घातलेला असतो.